२०५५ सालची माणसं ग्रामसभेला आली तर?

माणकाठ

माण तालुक्यातल्या एका गावात मी ३१ वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिलो. गेल्या वर्षभरात गावात जे घडलं ते इथं मांडतो आहे, कारण पुढचं पाऊल कसं टाकावं याबद्दल मला तुमची मतं हवी आहेत.

दरवर्षी गावाचा विकास आराखडा करताना ग्रामसभेत एक प्रश्न विचारला जातो, गावाला काय हवं? मागच्या मार्चमध्ये आम्ही तो जरा ताणून विचारला, पुढच्या तीस वर्षांत काय हवं? उत्तरं आली ती अशी: देवळापुढं सभामंडप, गल्लीत पेव्हर ब्लॉक, चौकात हायमास्ट, आणि पाणीपट्टी कमी करा. तीस वर्षं म्हटलं तरी लोक पुढच्या निवडणुकीपर्यंतचंच बोलले. यात त्यांचा दोष नाही. आपण उभे असतो आजच्या उंबऱ्यावर, तिथून दिसतं तेवढंच मागतो.

त्याच सुमारास जपानमधल्या याहाबा या गावाबद्दल वाचलं. इवाते प्रांतातलं सुमारे २७ हजार वस्तीचं गाव. २०१५ साली तिथल्या पालिकेला २०६० पर्यंतचा आराखडा करायचा होता. तात्सुयोशी साईजो या अर्थशास्त्रज्ञाने तिथे एक वेगळी रीत वापरली. नागरिकांचे काही गट आजचे म्हणून बसले आणि काही गटांनी अंगात हाप्पी हा सणासुदीचा पारंपरिक अंगरखा घालून २०६० सालचे रहिवासी म्हणून बोलायचं. वय बदलायचं नाही. आज चाळिशीचे असाल तर २०६० मध्येही चाळिशीचेच. 'पुढे असं होईल' असं म्हणायचं नाही, 'आमच्याकडे असं आहे' असं बोलायचं. आजच्या गटांनी सवलती मागितल्या, मुलांना मोफत उपचार वगैरे. २०६० च्या गटांचं बोलणं अगदी वेगळं झालं, ते दूरच्या आणि अवघड कामांना आधी हात घालू लागले. नंतर त्याच गावात नळपाण्याचा प्रश्न आला. पाणीखात्यात शिल्लक होती म्हणून लोक दर कमी करा म्हणत होते. पुढे पाइप बदलावे लागणार हे त्यांनी उद्याच्या माणसाच्या जागी बसून पाहिलं आणि स्वतःहून ६ टक्के दरवाढ मान्य केली.

साईजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेतही तपासलं होतं. तीन-तीन माणसांच्या गटांनी पैशांचा एक निर्णय घ्यायचा. आज जास्त घेतलं तर पुढच्या गटाला कमी उरतं. साध्या गटांपैकी २८ टक्के गटांनी पुढच्यांचा विचार केला. तिघांपैकी एकाला 'तू अजून न जन्मलेल्यांच्या वतीने बोल' असं सांगितलं, तेव्हा हेच प्रमाण ६० टक्क्यांवर गेलं.

मी म्हटलं, आपल्याकडं हाप्पी नाही, उपरणं आहे. म्हसवडच्या बाजारातून एका रंगाची बारा उपरणी आणली. मे महिन्यात शाळेच्या वर्गात चोवीस जण जमले. निम्म्या बायका, निम्मे बाप्ये.

आधी मागं बघायचं ठरलं. १९९० सालच्या गावकऱ्यांना पत्र लिहा म्हणून सांगितलं. एका सत्तरीच्या शेतकऱ्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. गावातली पहिली बोअर त्याच्याच बांधाला पडली होती. १८० फुटांवर पाणी लागलं तेव्हा नारळ फोडून पेढे वाटले होते. आता ७०० फुटांवर धुरळा उडतो. त्याचं पत्र एवढंच: "तुमी बोअर पाडली याचा राग न्हाई. पर पानी किती खाली हाय ती दरसाली लिवून ठिवायला पायजे हुतं. आमाला कळलंच न्हाई कवा सरलं ती."

वर्ग गप्प झाला. मग बारा जणांनी उपरणी घेतली. साल २०५५.

पहिली पाच मिनिटं लाजण्यात गेली. मग बचत गटातल्या एका बाईंनी खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोरच्या आजच्या बाकाकडे बघून विचारलं, "आमची पान्याची टाकी तुमी बांदलेली. तिला आता तीस वर्सं झाली, सळई दिसाया लागलीया. नवी बांदायला पैसं कुटं ठिवलंत?" समोर तिचा सख्खा दीर बसला होता. तो खरोखरच उत्तर शोधू लागला. नळयोजनेच्या आराखड्यात बांधकामाची मुदत ३० वर्षं आणि पंपाची १५ वर्षं धरतात, हे त्याला मी तेव्हा सांगितलं. दरवर्षी मोटर जळली की वर्गणी काढणारं गाव, टाकीचा विचार कोण करणार?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. पाणीपट्टी महिना ५० वरून ७० रुपये, आणि वरचे २० रुपये वेगळ्या खात्यात. ३५० नळजोड आहेत, म्हणजे वर्षाला ८४ हजार. दुसरा ठराव होता नव्या बोअरना बंदीचा, तो पडला. डाळिंबवाल्यांनी विरोध केला आणि मला त्यांची अडचण समजते, बाग उभी आहे, कर्ज उभं आहे.

आता प्रश्न असा, की सरपंच बदलले की हे टिकेल कसं? आणि हा प्रयोग आणखी कुठं कुणी केलाय का?

---

कोरडवाहू

सर, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो. ज्याच्या डोक्यावर जूनचं पीककर्ज आहे आणि सोयाबीनला भाव नाही, त्याला २०५५ दाखवणं मला पटत नाही. तो पुढचा विचार करत नाही असं नाही. मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या डिप्लोमाच्या फीचा विचार तो रोज रात्री करतो. त्याच्याकडं आजच काही उरत नाही, तर तो उद्यासाठी काढून काय ठेवणार?

दुसरं म्हणजे तुमचे २० रुपये. भूमिहीन मजुराच्या घराला २० आणि वीस एकर डाळिंब असणाऱ्यालाही २० च? जमिनीतलं पाणी कुणी उपसलं? न जन्मलेल्यांना खुर्ची दिलीत, चांगलं केलंत. पण जन्मलेल्यांपैकी ज्यांना ग्रामसभेत आजवर खुर्ची मिळाली नाही, त्यांचं काय?

---

शिवारफेरी

कोरडवाहू, तुमचा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे, आणि त्याचं एक उत्तर आपल्याच मातीत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम बघा. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस लावायचा नाही.

मी ग्रामसभांची प्रशिक्षणं घेते. माझा अनुभव असा, की पाणी जमिनीला बांधलेलं आहे तोवर 'पुढची पिढी' म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागणारा मुलगा एवढाच अर्थ निघतो. पाणी माणसाला बांधलं की मग अजून न जन्मलेलं माणूसही हिशेबात येऊ शकतं. सरांच्या गावात ठराव पडला तो बंदीचा होता. वाटणीचा ठराव मांडून बघितलात का?

हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी एक गोष्ट सांगते. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथं उसावर आणि शेतीसाठीच्या बोअरवर बंदी आली, हे लोक सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीत काय लावायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. म्हणजे नियम मोडणारा शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आकडा मोडतो. तुमच्या त्या आजोबांना नेमकं हेच हवं होतं.

---

कार्डिफकर

सर, मी बारा वर्षं वेल्समध्ये आहे. इथे २०१५ साली भावी पिढ्यांच्या हिताचा कायदाच झाला. सरकारी खात्यांनी, पालिकांनी, आरोग्य मंडळांनी निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होईल ते तपासायचं आणि लेखी दाखवायचं. त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयुक्त. सोफी हाऊ या पहिल्या, २०२३ पासून डेरेक वॉकर.

न्यूपोर्टजवळ वाहतूक तुंबते म्हणून एम-४ महामार्गाला नवा वळणरस्ता काढायचा होता. तो ग्वेंट लेव्हल्स या पाणथळ भागातून जाणार होता. आयुक्तांनी उघड विरोध केला आणि जून २०१९ मध्ये वेल्स सरकारचे तेव्हाचे प्रमुख मार्क ड्रेकफर्ड यांनी प्रकल्प रद्द केला. खर्च हेही मोठं कारण होतं, त्यामुळे सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर होणार नाही. आयुक्तांना काही थांबवण्याचा अधिकारही नाही, ते फक्त विचारू शकतात आणि शिफारस करू शकतात. पण प्रश्न सरकारी कागदावर आला की त्याला उत्तर द्यावं लागतं, हे मी इथे पाहिलं आहे.

एक गोष्ट मराठी माणूस म्हणून मनाला भिडली. या कायद्याच्या सात उद्दिष्टांत वेल्श भाषा बहरती ठेवणं हेही आहे. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे असावेत, असं सरकारचं लक्ष्य आहे. भाषा ही पुढच्यांची मालमत्ता मानली आहे, पाण्यासारखीच.

टिकण्याबद्दल मात्र सावध करतो. इस्रायलमध्ये २००१ साली संसदेत भावी पिढ्यांसाठी आयोग नेमला होता, तो २००६ नंतर राहिला नाही. हंगेरीत २००८ साली भावी पिढ्यांचा लोकपाल निवडला गेला. २०१२ पासून ते स्वतंत्र पद उरलं नाही, सर्वसाधारण लोकपालांच्या हाताखाली गेलं. फिनलंडच्या संसदेची भविष्यविषयक समिती १९९३ पासून टिकली आहे, आणि मला वाटतं त्याचं कारण ती खासदारांचीच समिती आहे. बाहेरून आणून बसवलेला पाहुणा सत्ता बदलली की उठवता येतो.

---

माणकाठ

कोरडवाहू, तुमचं म्हणणं मनाला लागलं. चोवीस जणांत भूमिहीन घरातले तिघेच होते, आणि उपरणं त्यांच्यातल्या एकालाच मिळालं. बोलावताना माझी चूक झाली. सगळ्या वस्त्यांवर स्वतः फिरायला हवं होतं, मी दवंडीवर भागवलं.

शिवारफेरी ताई, वाटणीचा ठराव सुचलाच नाही. विचार करतो.

---

खाजन

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हा प्रश्न खाणींच्या रूपाने आला. डोंगर पोखरून खनिज बोटीत भरलं, नदीतून गेलं, पैसा एका पिढीने घेतला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विकलेल्या लोहखनिजाच्या किमतीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवा, आणि त्याचं कारण पिढ्यापिढ्यांमधला न्याय असं दिलं. खनिज ही वडिलोपार्जित ठेव आहे, ती विकली तर मुद्दल शाबूत राहिलं पाहिजे, हा विचार तिथे न्यायालयाच्या आदेशात उतरला. सर, तुमचे २० रुपये त्याच जातीचे आहेत.

पण मला निधीपेक्षा बांधाबद्दल बोलायचंय. आमची खाजन शेतं खाडीच्या पातळीखाली आहेत. खारं पाणी बांधाने अडवायचं, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर होऊ द्यायचं. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. हे शेकडो वर्षं चाललं, कारण बांधाची डागडुजी गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेच्या, खर्चात आधी धरलेली असायची. नंतर जमिनीचे कायदे बदलले, गावकारीची ताकद गेली, बांध कुळांच्या संघांकडे आले. नियम कागदावर राहिले, पण दरवर्षी चिखलात उतरून बांध बघणारा माणूस राहिला नाही. माझ्या आजीच्या शेतात आता कांदळ वाढलंय. एकदा खारं पाणी शिरलं, की मिठागरासारखी ती माती गोडी यायला किती पावसाळे घेते ते आम्ही बघतोय.

म्हणून टिकण्याचं विचारत असाल तर माझं सांगणं एवढंच, की खात्यापेक्षा आधी एक काम नेमा. दरवर्षी ठरलेल्या दिवशी गावाने हाताने करायचं काम.

---

चौथा_मजला

शहरातली बाजू मांडते. पुण्यातली आमची सोसायटी १९९४ सालची. उपविधींप्रमाणे दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, टाकायची असते. आमच्याकडे १९९४ चा बांधकाम खर्च धरला, फ्लॅटमागे दोन लाख. म्हणजे वर्षाला ५०० रुपये. तीस वर्षं कुणीही तो आकडा बदलला नाही. 'किमान' हा शब्द कुणी वाचलाच नाही. गेल्या वर्षी खांबांचं प्लास्टर सुटलं, स्ट्रक्चरल ऑडिट झालं, आणि दुरुस्तीचा अंदाज बघून सभेत रडारड झाली. ज्यांनी वीस वर्षं स्वस्तात राहून फ्लॅट विकला ते कधीच गेले. बोजा आला नव्याने कर्ज काढून आलेल्या जोडप्यांवर.

सर, तुमच्या धाग्यामुळे वाटलं की आमच्या वार्षिक सभेतही एक रिकामी खुर्ची २०५५ च्या फ्लॅटधारकाची ठेवावी आणि पाळीपाळीने कुणीतरी तिथून बोलावं. पुनर्विकासाच्या बोलण्यांत तर फारच गरज आहे. तिथे सगळे जास्तीच्या चौरस फुटांबद्दल बोलतात, बावीस मजल्यांच्या लिफ्टचा आणि पंपाचा महिन्याचा खर्च पुढे कोण भरणार हे कुणी विचारत नाही.

---

वाटेवरची

मी सरांच्याच शेजारच्या गावची, आता पनवेलला नोकरी करते. सगळं वाचलं, छान वाटलं, आणि एक गोष्ट टोचत राहिली.

२०५५ मध्ये त्या गावात राहणार कोण?

माझ्या दहावीच्या वर्गातले अठ्ठावीस जण. गावात सहा उरले. मुली तर सगळ्याच गेल्या, लग्न होऊन किंवा नोकरीला. आमच्या गावात अशी चर्चा झाली तर मला कुणी बोलावणार नाही, कारण मी आता त्या गावची नाही. जिथं लग्न होऊन जाईन तिथंही पहिली दहा वर्षं मला कुणी ग्रामसभेत बोलू देणार नाही. सर, तुमच्या त्या बचत गटाच्या ताईही बाहेरून आलेल्याच असतील ना? सासरच्या टाकीची काळजी त्यांना आहे. माहेरच्या विहिरीबद्दल त्यांना कुणी विचारलं का?

म्हणजे ज्या लेकी जाणार आहेत आणि ज्या सुना यायच्या आहेत, त्यांना बोलवल्याशिवाय तीस वर्षांनंतरचं गाव कसं दिसेल? आणि गाव निम्मं रिकामं झालं तर ती नवी टाकी केवढी बांधायची?

---

शिवारफेरी

वाटेवरची, तू जे लिहिलंस ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सर, इथे दुसरी एक रीत उपयोगी पडेल. एकच २०५५ धरू नका. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये, वर्णभेद संपत असताना, माँ फ्लेर नावाच्या ठिकाणी वेगवेगळ्या बाजूंची बावीस माणसं बसली. देशाचं पुढं काय होईल याच्या त्यांनी चार गोष्टी रचल्या आणि त्यांना पक्ष्यांची आणि उडण्याची नावं दिली. शहामृग, म्हणजे सत्ताधारी वाळूत डोकं खुपसतात. लंगडं बदक, म्हणजे सत्तांतर लांबत आणि रेंगाळत राहतं. इकॅरस, ग्रीक पुराणकथेतला मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेला आणि कोसळलेला मुलगा, नुसता उंच उडू पाहतो, म्हणजे नवं सरकार पैशाचा विचार न करता खर्च करत सुटतं आणि कोसळतं. आणि फ्लेमिंगो, सगळे मिळून हळूहळू वर जातात. यातली कुठली खरी होणार हे कुणी सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट ऐकून माणसांनी आपण आज काय करतोय ते तपासलं. एकमेकांचे कट्टर विरोधक त्या टेबलावर होते, तरी गोष्टीवर बोलता आलं, कारण गोष्ट कुणाच्याच बाजूची नव्हती.

तुमच्या गावासाठी दोन प्रश्न घ्या. पाऊस आजच्यासारखा राहील की आणखी लहरी होईल? माणसं राहतील की जातील? यांच्या जोड्या लावल्या की चार गावं तयार होतात. चार वस्त्यांना एकेक गाव द्या. नावं त्यांनाच ठेवू द्या. मी एका गावात हे केलं तेव्हा बायकांनी रिकाम्या गावाला 'कुलूप' असं नाव दिलं आणि मग अर्धा तास कुणाच्या घराची किल्ली कुणाकडं राहील यावरच बोलणं झालं. त्यातून निघालं की म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाची सोय हा पाण्याइतकाच मोठा प्रश्न आहे. हे कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

---

कोरडवाहू

आज पुन्हा सगळं वाचलं. माझं पहिलं म्हणणं मी मागं घेत नाही, गरिबाला आधी आज लागतो. पण एक दुरुस्ती. माझ्या वडिलांनी २००३ ला बोअरसाठी म्हैस विकली, मी २०१६ ला बायकोचे डाग मोडले. दोन्ही कोरड्या गेल्या. 'पाणी किती खाली आहे' हे तेव्हा कुठं लिहिलेलं असतं तर कदाचित म्हैस राहिली असती. म्हणजे लिहून ठेवण्याचा फायदा न जन्मलेल्यांइतकाच मला होता.

सर, पट्टीचे टप्पे करा. ज्याची बोअर आहे त्याला जास्त.

---

माणकाठ

उशिरा लिहितोय, मधले चार दिवस वस्त्यांवर फिरत होतो.

ठरलं ते सांगतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाणीपट्टीच्या टप्प्यांचा ठराव मांडतोय: बोअर नसलेल्या घराला वरचे १० रुपये, असलेल्याला ४०. डाळिंबवाल्या दोघांशी आधीच बोललो. एकानं मान्य केलं. दुसरा म्हणाला, "मीटर बसवा, मग बोला." त्याचंही खरं आहे. खात्यावर सह्या सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याच राहतील, पण शिल्लक दर तीन महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर लिहायची.

खाजन, तुमचं ऐकून काम नेमलं. गावविहिरीच्या आतल्या बाजूला फुटाफुटाला ऑईलपेंटनं पट्टे मारले. दर पुनवेला सातवीची मुलं दोरीला दगड बांधून पातळी मोजणार आणि वहीत लिहिणार. पहिली नोंद काल झाली, २३ फूट. पत्र सांगणारे आजोबा काठी टेकत आले होते. मुलीनं आकडा लिहिल्यावर त्यांनी तिला तो पुन्हा मोठ्यानं वाचायला लावला.

वाटेवरची, चार गावांची बैठक दिवाळीत ठेवली आहे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. माहेरी आलेल्या सगळ्या लेकींना निरोप देतोय. उपरणी बारा आहेत, आणखी चोवीस आणावी लागतील. शेजारगावची असलीस तरी तू ये.